पापनिवेदन झाले, पुढे काय? चर्चमधल्या प्रायश्चित्त विधींचे परीक्षण

चर्चमधले गायन, प्रवचन, बसायची व्यवस्था यांवर लोक मोकळेपणाने मत देतात. प्रायश्चित्ताच्या विधीवर मात्र कोणी बोलत नाही, कारण तिथे जे सांगितले जाते ते खासगी असते. ते खासगीच राहावे. पण विधीचा क्रम, त्याला दिलेला वेळ, जागा, ऐकणाऱ्याची तयारी आणि विधी संपल्यावर त्या माणसाला मिळणारी वागणूक या गोष्टी उघड आहेत. हा विधी कुठे नीट होतो आणि कुठे नुसता उरकला जातो, हे सांगता येते आणि सांगायलाच हवे. अनेक वर्षे दूर राहिलेला माणूस परत येतो तेव्हा त्याच्या वाट्याला पहिल्यांदा हाच विधी येतो. तो बिघडला, तर तो माणूस बहुधा पुन्हा येत नाही.

कसोटी एकच ठेवली आहे: विधी संपल्यावर माणूस माणसांत परत येतो का? क्षमा देव करतो, तिचे मोजमाप कोणाच्या हाती नाही. पण ख्रिस्ती श्रद्धेत पश्चात्ताप हा देव आणि एकटा जीव एवढ्यांपुरताच विषय कधी नव्हता. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या 'लुमेन जेन्तियुम' या दस्तऐवजाच्या ११व्या परिच्छेदात हे स्पष्ट म्हटले आहे. प्रायश्चित्त संस्कार घेणाऱ्याला देवाची क्षमा मिळते आणि त्याच वेळी, त्याच्या पापाने जिला जखम झाली त्या ख्रिस्तसभेशीही त्याचा समेट होतो. पुढे विधी सुधारला गेला तेव्हा पापमुक्तीच्या शब्दांत ख्रिस्तसभेच्या सेवेचा उल्लेख आला, तो याच जाणिवेतून. दोन्ही समेट एकाच विधीत व्हायचे आहेत. प्रत्यक्षात पहिल्यावर सगळा भर आणि दुसरा गृहीत धरलेला, असे बहुतेक ठिकाणी दिसते. खालच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा तिथूनच निघतात.

एकांतातले कन्फेशन

२ डिसेंबर १९७३ रोजी जाहीर झालेल्या कॅथलिक विधिग्रंथात तीन प्रकार दिले आहेत. पहिला सर्वांच्या परिचयाचा: एक पश्चात्तापी, एक धर्मगुरू. त्याचा क्रम असा: स्वागत, क्रुसाची खूण, देवावर भरवसा ठेवायला सांगणारे दोन शब्द, पवित्र शास्त्रातला छोटा उतारा, पापनिवेदन, धर्मगुरूचा सल्ला आणि नेमून दिलेले प्रायश्चित्त, पश्चात्तापाची प्रार्थना, दोन्ही हात किंवा निदान उजवा हात पुढे करून दिलेली पापमुक्ती, देवाची स्तुती आणि निरोप.

यातले शास्त्रवाचन ऐच्छिक आहे, म्हणून ते सर्रास गाळले जाते. मला हे मोठे नुकसान वाटते. दोन वचने वाचायला अर्धे मिनिट लागते. ती वाचली तर देवाने आधी हाक मारली आणि आपण तिला उत्तर देतो आहोत, हे लक्षात येते. ती गाळली की माणूस थेट स्वतःच्या यादीपासून सुरुवात करतो आणि सगळी भेट त्या यादीभोवतीच फिरत राहते. धर्मगुरू वाचत नसतील तर पश्चात्तापीने स्वतः वाचले तरी चालते. विधीत तशी मुभा आहे.

या प्रकाराची सर्वांत भक्कम बाजू म्हणजे गुप्तता. कॅथलिक चर्चच्या कायद्यांचा संग्रह म्हणजे धर्मविधिसंहिता. तिचा नियम ९८३ सांगतो की पापनिवेदनाची मोहर अभंग आहे. शब्दाने, खुणेने, कोणत्याही कारणासाठी ती मोडायची नाही. जो धर्मगुरू ती सरळसरळ मोडेल तो त्या क्षणी आपोआप बहिष्कृत होतो (२०२१ च्या सुधारणेनंतर हा नियम १३८६ क्रमांकाखाली आहे). पापनिवेदन ऐकताना दुभाषा लागला, तर तोही गुप्ततेने बांधलेला असतो. असे संरक्षण सर्वांसमोर किंवा गटात केलेल्या कबुलीला नाही, आणि ज्याच्या मनावर खरोखर जड काही आहे त्याने याच कारणासाठी हा प्रकार निवडावा.

जागेबद्दल थोडे. नियम ९६४ नुसार चर्चमध्ये स्थिर जाळी असलेली कन्फेशनची जागा उपलब्ध असलीच पाहिजे, म्हणजे ज्याला समोरासमोर बसायचे नाही त्याला आड बसता येते. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी या जाळीच्या पेटीचा आग्रह धरला, आणि त्यामागे पश्चात्तापी व्यक्तीची सुरक्षितता हा विचारही होता. आज काही ठिकाणी जाळी काढून नुसत्या दोन खुर्च्या ठेवलेली खोली असते. दिसायला ती प्रसन्न असते, पण लाजऱ्या माणसाची आणि दुखावलेल्या स्त्रीची तिथे पंचाईत होते. चांगली खोली ती, जिथे दोन्ही सोयी आहेत, आतले बाहेर ऐकू जात नाही, आणि काचेतून आत कोण बसले आहे एवढे बाहेरून दिसते.

पापनिवेदन कसे करावे, यात लोकांचा गोंधळ फार. नियम ९८८ प्रमाणे गंभीर पापांचा प्रकार आणि संख्या सांगायची असते. "मी फार रागीट आहे" हे स्वभाववर्णन झाले. "रागाच्या भरात घरातल्या माणसावर हात उगारला, महिन्यातून दोन-तीनदा" हे पापनिवेदन झाले. नेमका आकडा आठवत नसेल तर अंदाज पुरतो. कहाणी सांगायची नाही, दुसऱ्याचे नाव घ्यायचे नाही, आणि दुसऱ्याची पापे तर मुळीच सांगायची नाहीत. सासू, भाऊ, साहेब यांनी काय केले हे सांगण्यातच अनेकांचा वेळ जातो, आणि स्वतःचा भाग शेवटच्या वाक्यात घाईने येतो. उलट टोकाला "सगळीच पापे केली, फादर" असे मोघम वाक्य असते. ते नम्र वाटते, पण त्यातून काहीच उघड होत नाही, आणि जे उघड होत नाही त्यावर धर्मगुरूला काही सांगता येत नाही. नीट तयारी केली असेल तर तीन ते पाच मिनिटे पुरतात.

काहींचे मन मात्र उलट्या बाजूने आजारी असते: क्षमा झालेलेच पाप ते पुन्हा पुन्हा सांगतात, आणि दर वेळी काहीतरी राहून गेले अशी धास्ती त्यांना वाटते. अशांनी एकच धर्मगुरू ठरवावा, त्याच्याकडेच जावे, आणि जुन्या पापांची उजळणी करायला त्याने मनाई केली तर ती पाळावी. दर आठवड्याला नव्या धर्मगुरूकडे जाणे हा त्या आजाराला घातलेला खुराकच आहे.

धर्मगुरूंकडून होणाऱ्या चुका मोजक्याच, पण घाव खोल करणाऱ्या. पहिली, नको तितकी चौकशी, विशेषतः शरीरसंबंधांच्या बाबतीत. विधीला प्रकार आणि संख्या पुरते, तपशील लागत नाही. दुसरी, सल्ल्याच्या जागी प्रवचन. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी, पापाशी काहीही संबंध नसलेले ठरावीक प्रायश्चित्त. 'नमो मरिया' ही मरियेची छोटी प्रार्थना तीनदा म्हणून माणूस पाच मिनिटांत मोकळा होतो. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद १४५९ सांगतो की पापमुक्तीने पाप जाते, पण पापाने केलेली सगळी मोडतोड दुरुस्त होत नाही. ती शक्य तितकी भरून द्यायची असते: चोरलेले परत करणे, ज्याची बदनामी केली त्याचे नाव पुन्हा स्वच्छ करणे. बायबलमधल्या जक्कया नावाच्या जकातदाराने येशूला घरी घेतले त्याच भेटीत अर्धी संपत्ती गरिबांना द्यायचे आणि लुबाडलेल्यांना चौपट परत करायचे ठरवले. खोटे बोलून एखाद्याची नोकरी घालवली असेल, तर प्रायश्चित्त त्या खोट्याला भिडले पाहिजे. चांगला धर्मगुरू विचारतो, "हे तुम्हाला जमेल का?" जमणार नसेल तर बदलून मागता येते. बऱ्याच लोकांना हे ठाऊकच नसते.

आता कसोटी. एकांतातल्या कन्फेशनमधून माणूस हलका होऊन बाहेर पडतो, पण बाहेर पडतो तो एकटाच. त्याचे परतणे कोणाला दिसत नाही. रविवारी मिस्सेला जाणाऱ्याला ते चालते, कारण त्याला लोकांत जागा आहेच. ज्याची जागाच उरलेली नाही, त्याला हा प्रकार दारापर्यंत आणून सोडतो.

सामुदायिक विधी, प्रत्येकाच्या पापनिवेदनासह

दुसरा प्रकार. सगळे एकत्र येतात, एकत्र ऐकतात, आणि मध्यभागी प्रत्येक जण वेगवेगळ्या धर्मगुरूकडे जाऊन पापनिवेदन करतो व पापमुक्ती घेतो. आगमनकाळात (नाताळापूर्वी) आणि उपवासकाळात (ईस्टरपूर्वी) बहुतेक धर्मग्रामांत, म्हणजे स्थानिक चर्चच्या मंडळ्यांत, हा होतो. सर्व प्रकारांत मी याला वरचा क्रमांक देतो, पण एका अटीवर: तो पूर्ण केला पाहिजे.

क्रम असा. प्रवेशगीत, अभिवादन, प्रार्थना. मग शास्त्रवाचन आणि प्रवचन. त्यानंतर आत्मपरीक्षण, शक्यतो शांततेत. मग सगळे गुडघे टेकून किंवा वाकून एकत्र पापे कबूल करतात, लितानी (आळीपाळीने म्हणायची विनवणी) किंवा गीत होते, आणि प्रभूची प्रार्थना म्हटली जाते. ही प्रार्थना कधीच गाळायची नसते. मग वैयक्तिक पापनिवेदन. शेवटी सगळ्यांनी मिळून देवाच्या दयेची स्तुती, आभाराची प्रार्थना, आशीर्वाद आणि निरोप.

बिघाड होतो तो शेवटच्या भागात. पापमुक्ती मिळाली की लोक एकेक करून घरी जातात. शेवटच्या माणसाचे पापनिवेदन संपते तेव्हा चर्चमध्ये आठ-दहा जण उरलेले असतात आणि धर्मगुरू त्यांच्यापुढे घाईने आशीर्वाद देतात. जो भाग या प्रकाराला पहिल्याहून वेगळा करतो, म्हणजे क्षमा मिळालेल्यांनी एकत्र उभे राहून देवाचे आभार मानणे, तोच नाहीसा होतो. मग उरते ते रांग लावून केलेले एकांतातले कन्फेशन.

याचे कारण लोकांची बेपर्वाई नव्हे, गणित आहे. १२० माणसे आली आणि प्रत्येकाला तीन मिनिटे धरली तर ३६० मिनिटे होतात. दोन धर्मगुरू असतील तर तीन तास. कोणी थांबणार नाही. सहा असतील तर एक तास, आणि तेवढा वेळ लोक थांबतात. म्हणून आसपासच्या धर्मग्रामांनी तारखा वाटून घेऊन एकमेकांकडे धर्मगुरू पाठवावेत. सहा जण मिळत नसतील तर एकच मोठा विधी न ठेवता वस्तीवार दोन-तीन छोटे ठेवावेत. सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे की विधी आभाराच्या प्रार्थनेने संपतो आणि अंदाजे किती वाजता संपेल. वेळ कळली की लोक थांबतात. अनिश्चिततेत कोणी थांबत नाही.

वेळ वाचवण्यासाठी काही ठिकाणी "फक्त एकच पाप सांगा" अशी सूचना केली जाते. ही सूचना चुकीची आहे. गंभीर पापे सगळी सांगायची असतात, आणि अशा सूचनेमुळे प्रामाणिक माणूस अर्धवट सांगून अपराधी मनाने परत जातो.

कन्फेशनच्या जागा भिंतीलगत, एकमेकींपासून पुरेशा दूर ठेवाव्यात, आणि रांग पाच-सहा पावले मागे थांबेल अशी खूण जमिनीवर करावी. मधल्या वेळेत संथ गायन किंवा वाद्य चालू ठेवावे. ते भक्तीसाठी तर आहेच, पण कुजबुज झाकण्यासाठीही लागते. आत्मपरीक्षणाचे प्रश्न दहाच्या आत असावेत. चाळीस प्रश्नांची छापील यादी वाचली की विसाव्यापासून कोणी ऐकत नाही. आणि त्यातले निम्मे तरी प्रश्न एकमेकांविषयी असावेत: आपल्या मंडळीत कोणाला आपण बोलायचे सोडले आहे, कोणाला बसायला जागा दिली नाही, कोणाबद्दल ऐकीव गोष्ट पुढे पोहोचवली. प्रश्न फक्त प्रार्थना चुकवण्याविषयी आणि वाईट विचारांविषयी असतील, तर समेट होणार तरी कोणाशी?

तिसरा प्रकार, सर्वांना एकत्र पापमुक्ती, अपवादासाठी आहे. नियम ९६१ प्रमाणे मृत्यूचा धोका किंवा गंभीर निकड असेल तरच. २० मार्च २०२० रोजी महासाथीच्या काळात व्हॅटिकनच्या संबंधित न्यायासनाने अशी निकड उद्भवू शकते असे सांगितले होते. त्यातही गंभीर पाप असलेल्याने पुढे वैयक्तिक पापनिवेदन करण्याचा निश्चय करायलाच हवा, नाहीतर पापमुक्ती ग्राह्य ठरत नाही. सोय म्हणून हा प्रकार मागणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा क्षमा-रविवार

ऑर्थोडॉक्स कन्फेशनमध्ये पश्चात्तापी ख्रिस्ताच्या प्रतिमेसमोर किंवा शुभवर्तमान आणि क्रूस ठेवलेल्या मेजासमोर उभा राहतो. धर्मगुरू बाजूला असतो. शेवटी तो आपल्या गळ्यातला लांब पट्टा पश्चात्तापीच्या डोक्यावर ठेवून प्रार्थना करतो. रशियन परंपरेतल्या प्रार्थनेत तो सांगतो की मी केवळ साक्षी आहे. उभे राहण्याची ही रचना मला फार योग्य वाटते: दोघांचीही तोंडे एकाच दिशेला असतात.

पण कसोटीला पूर्ण उतरतो तो महाउपवासाच्या (ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या) उंबरठ्यावरचा क्षमा-रविवार. संध्याकाळच्या उपासनेनंतर धर्मगुरू सर्वांत आधी लोकांपुढे वाकून क्षमा मागतो. मग एकेक जण त्याच्यापुढे येतो, आणि क्षमा मागून झालेला त्याच्या शेजारी उभा राहतो. अशी रांग वाढत जाते आणि शेवटी प्रत्येकाने प्रत्येकापुढे वाकून "मला पाप्याला क्षमा करा" म्हटलेले असते, आणि प्रत्येकाला "देव क्षमा करो" हे उत्तर मिळालेले असते. लहान मुले आईबापांकडून क्षमेची विनंती ऐकतात. काही ठिकाणी हे चालू असताना पुनरुत्थानाची गीते गातात.

उणीव एवढीच की इथे नेमके काय चुकले ते कोणी कोणाला सांगत नाही, त्यामुळे वर्षभर अबोला धरलेली दोन माणसे वाकतात, ठरलेले शब्द म्हणतात, आणि सोमवारी अबोला तसाच. जाणते धर्मगुरू आधीच्या आठवड्यात सांगतात: ज्याच्याशी खरोखर वाद आहे त्याच्याकडे रविवारच्या आत स्वतः जाऊन या. येशूने वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले, त्याचाच हा अंमल. मोठ्या मंडळीत दोनशे लोकांची रांग दीड-दोन तास चालते. गुडघे दुखणाऱ्यांना नुसती मान लववली तरी चालते, हे सांगून ठेवावे.

प्रोटेस्टंट मंडळ्यांतले तीन मार्ग

अँग्लिकन उपासनेत १५५२ च्या प्रार्थनापुस्तकापासून सकाळ-संध्याकाळच्या उपासनेच्या सुरुवातीला सर्वांनी एकत्र म्हणायची पापकबुली आहे. लुथरन परंपरेत ती रविवारी होतेच, शिवाय १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीनाम्याचे ११ वे कलम खासगी पापमुक्ती राखून ठेवायला सांगते. फक्त सगळी पापे मोजून सांगण्याची सक्ती नको म्हणते. हे दुसरे बहुतेक सभासदांना माहीतच नसते. पाळकाकडे वेळ मागून खासगी कबुली करता येते, हे वर्षातून दोनदा तरी जाहीर करावे.

एकत्र कबुलीचे मोल असे की पाळक, वडीलजन आणि काल आलेला माणूस तेच शब्द एका सुरात म्हणतात; त्यात कोणी वरचा नसतो. तिचा नाश होतो तो घाईने. "शांत राहून आपली पापे आठवू या" म्हटल्यावर पाच सेकंदांत वाचन सुरू झाले तर कोणाला काय आठवणार? घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट थांबावे. चालवणाऱ्याला ते लांब वाटते, बसलेल्यांना नाही.

दुसरा मार्ग, उपासनेच्या शेवटी पुढे येण्याचे आवाहन. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत चार्ल्स फिनी यांच्या सभांतून पुढच्या बाकाची पद्धत रुजली, तिचीच ही पुढची पिढी. यात धैर्य आहे आणि लोकांच्या डोळ्यांदेखत परतणेही आहे. मला हा मार्ग मनापासून आवडतो, म्हणूनच त्यातली हेळसांड जास्त सलते. पुढे आलेल्याचे नाव कागदावर लिहून घेतात, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि मग आठवडाभर त्याला कोणी फोन करत नाही. ज्या मंडळीत पुढे येणाऱ्याशेजारी त्याच क्षणी एक प्रशिक्षित सभासद उभा राहतो, स्त्रीजवळ स्त्री आणि पुरुषाजवळ पुरुष, आणि तोच सभासद दोन दिवसांत भेटून पुढच्या रविवारी त्याला सोबत घेऊन बसतो, तिथे हे आवाहन फळ देते. गाणे ताणून, भावना चढवून लोकांना उठवणे मात्र थांबवावे. तशा उठलेल्यांना दुसऱ्या दिवशी लाज वाटते आणि ते चर्चच टाळतात.

तिसरा मार्ग छोट्या गटाचा. मेथडिस्ट चळवळीत जॉन वेस्ली यांनी २५ डिसेंबर १७३८ रोजी 'बँड' नावाच्या छोट्या गटांसाठी नियम लिहिले: आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी जमायचे, गीत किंवा प्रार्थनेने सुरुवात करायची, आणि मागच्या भेटीनंतर विचाराने, शब्दाने, कृतीने काय चुकले ते प्रत्येकाने उघड सांगायचे. आधार बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा: एकमेकांजवळ पापे कबूल करा. १७४२ मध्ये ब्रिस्टलला साधारण बारा जणांचे 'क्लास' सुरू झाले ते इमारतीचे कर्ज फेडण्यासाठी दर आठवड्याला एक पेनी गोळा करायला. पैसे घ्यायला घरोघर जाणाऱ्या प्रमुखांना लोकांची खरी परिस्थिती दिसू लागली, आणि वर्गणीची सोय विचारपूस करणारी व्यवस्था बनली.

आपलेपणाच्या बाबतीत या गटाची बरोबरी दुसरा कोणताच प्रकार करत नाही. गैरहजर राहिलात तर त्याच दिवशी कोणीतरी विचारायला येते. धोकाही इथेच सर्वांत मोठा. इथे कन्फेशनची मोहर नाही. कबुली 'प्रार्थनेचा विषय' म्हणून दुसऱ्या गटात पोहोचते, आणि माणूस आयुष्यभरासाठी तोंड मिटतो. म्हणून चार ते सहा जण पुरेत, स्त्री-पुरुष वेगळे, नवरा-बायको एकाच गटात नकोत, मालक आणि नोकर तर नकोतच. गुप्ततेचा नियम दर भेटीच्या सुरुवातीला बोलून दाखवावा. मुलांवरचा अत्याचार किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल तर ते गटात दडवले जाणार नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगावे.

शिस्त लावलेल्याचे परतणे

ज्याला मंडळीने शिस्त म्हणून प्रभुभोजनापासून (भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीपासून) दूर ठेवले आहे त्याच्या परतीची सोय बहुतेक ठिकाणी सर्वांत कमकुवत असते. मत्तय १८ मधल्या पायऱ्या सगळ्यांना पाठ असतात: आधी एकट्याने, मग दोघा-तिघांसह, मग मंडळीपुढे. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा दुसरा अध्याय मात्र फारसा वाचला जात नाही. तिथे पौल म्हणतो की बहुतेकांनी दिलेली शिक्षा त्या माणसाला पुरे झाली. आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो अति दुःखात बुडून जाईल.

प्राचीन ख्रिस्तसभा या बाबतीत कठोर होती, पण तिच्या शिक्षेला शेवट होता. इसवी सन ३२५ च्या निकेया परिषदेचा अकरावा नियम सक्तीवाचून विश्वास सोडलेल्यांना तीन वर्षे 'ऐकणाऱ्यां'त, सात वर्षे 'लोटांगण घालणाऱ्यां'त आणि दोन वर्षे लोकांबरोबर प्रार्थनेत, पण अर्पणात सहभाग न देता ठेवतो. एकूण बारा वर्षे. लगतच्याच बाराव्या नियमात, सैन्यात परतलेल्यांच्या संदर्भात, खरा पश्चात्ताप दिसला तर बिशपांना सौम्य वागण्याची मुभा आहे, आणि तेराव्यात मरणाच्या दारी असलेल्याला शेवटचा प्रसाद नाकारू नये असे आहे. इतकी वर्षे तो माणूस मंडळीच्या नजरेसमोरच असे. लोक त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करत. आजच्या मंडळीत शिस्त लावलेला माणूस घरी बसतो, आणि किती दिवस, हे त्याला कोणी सांगत नाही.

बारा वर्षे कोणी परत आणू नयेत. पण शिस्त लावताना तीन गोष्टी कागदावर असाव्यात: काय चुकले, काय भरून द्यायचे, आणि पुन्हा विचार कोणत्या तारखेला होणार. त्या काळात उपासनेला येण्याची त्याला मुभा असावी आणि दर आठवड्याला भेटणारा एक सोबती नेमावा. शिस्त ज्या सभेत जाहीर झाली त्याच सभेत परतणेही जाहीर व्हावे. शिक्षा ध्वनिक्षेपकावर आणि क्षमा पाळकाच्या खोलीत, हा अन्याय आहे.

इथेच एक गोष्ट ठामपणे वेगळी ठेवावी लागते. प्रभूच्या मेजापाशी परतणे आणि पदावर परतणे या दोन गोष्टी आहेत. निकेयाच्याच दहाव्या नियमाने छळाच्या काळात विश्वास सोडलेले जे पुढे धर्मपदावर आले होते त्यांना पदावरून काढायला सांगितले. ज्याने अधिकाराचा वापर करून कोणाला ओरबाडले, त्याला क्षमा मिळू शकते. अधिकार परत मिळायची गरज नाही. जिच्यावर किंवा ज्याच्यावर अन्याय झाला त्या व्यक्तीला 'समेटा'साठी त्याच्याशेजारी बसवणे हे तर पाप वाढवणे आहे. अपराध गुन्हा असेल तर पोलिसांत जाणे हा पश्चात्तापाचाच भाग आहे. आधी दुखावलेल्याची जागा सुरक्षित करा, मग दुखावणाऱ्याची शोधा. हा क्रम उलटा झाला की ती मंडळी कोणाचीच राहत नाही.

कोणी काय निवडावे

मनावर जड, लाजिरवाणे काही असेल तर एकांतातले कन्फेशन, जाळीआडून. नियमित येणाऱ्या, पण कोरड्या पडलेल्या कुटुंबाने सामुदायिक विधी निवडावा आणि शेवटपर्यंत थांबावे. मंडळीत अबोला आणि तट पडले असतील तर क्षमा-रविवारची पद्धत कोणत्याही परंपरेने आपापल्या नियमांत बसवून घ्यावी. तीच सवय माणसाला पुन्हा पुन्हा पापात पाडत असेल, दारू असो की जुगार, तर छोटा गट लागतोच. नुसत्या पापमुक्तीवर भागवू नये, वैद्यकीय मदतही घ्यावी.

अनेक वर्षांनी परतणाऱ्या कॅथलिक माणसाने उपवासकाळाच्या शेवटच्या आठवड्यातली गर्दी टाळावी. धर्मगुरूंकडे आधी वेळ मागावी, अर्धा तास तरी. गेल्यावर पहिल्या वाक्यात सांगावे: "इतक्या वर्षांनी आलो आहे, प्रार्थना आठवत नाहीत, मला मदत करा." पुढचे काम धर्मगुरूंचे, ते एकेक आज्ञा घेऊन विचारत जातात आणि पश्चात्तापाची प्रार्थना आपल्या शब्दांत केली तरी चालते. लग्न चर्चबाहेर झाले असेल किंवा आधीच्या लग्नाचा प्रश्न असेल तर तो कन्फेशनच्या रांगेत न काढता याच भेटीत आधी बोलून घ्यावा, कारण त्याला कागदपत्रे आणि वेळ लागतो, आणि पापमुक्तीच्या क्षणी ही अडचण पुढे आली तर माणूस हिरमुसून परत जातो. धर्मगुरूंनीही तो निघण्यापूर्वी येत्या रविवारची वेळ सांगावी आणि त्याच्या वस्तीतल्या एका कुटुंबाशी ओळख करून देऊ का, असे विचारावे. ओळख करून देताना तो कन्फेशनसाठी आला होता हे मात्र त्या कुटुंबाला सांगायचे नाही.